पत्र्याचं छप्पर गळतंय, आणि दुकानदार व फॅब्रिकेटर एकमेकांकडे बोट दाखवतात

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. माकडं कौलं टिकू देत नाहीत, म्हणून मे २०२४ मध्ये १,६०० चौरस फुटांवर रंगीत पत्रा घातला. पत्रा मी तालुक्याच्या दुकानातून घेतला. बिल १,१८,००० रुपयांचं असून त्यावर ‘०.५० एमएम’ लिहिलंय. सांगाडा आणि फिटिंग एका फॅब्रिकेटरला १,८२,००० रुपयांना दिलं, त्यातले १,१०,००० बँकेतून आणि ७२,००० रोख. त्याच्या कोटेशनवर ‘१० वर्षे गळणार नाही’ असं लिहिलंय. जून २०२४ मध्येच गळायला लागलं. तो दोनदा येऊन स्क्रूंवर सिलिकॉन फासून गेला. या मेअखेरच्या वाऱ्यात पडवीवरचे दोन पत्रे उडून शेजाऱ्यांच्या गोठ्यावर पडले. स्क्रू गंजलेत, आतलं सीलिंग आणि इन्व्हर्टर खराब झाला. वेल्डिंगवाल्याने पत्रा मोजला तर ०.४२ भरला. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, फॅब्रिकेटर म्हणतो पत्रा हलका. शेजारी भरपाई मागतायत. चुलतभाऊ विचारतो, सामाईक घराला हात का लावलास? मी ठाण्यात नोकरीला, घरी आई एकटी. सगळं उतरवून नवं छप्पर घालावं का? पैसे कोणाकडून मिळतील? (जुलै २०२५)

उत्तर : छप्पर आत्ता उतरवू नका. आईच्या डोक्यावर पाणी पडणार नाही एवढी तात्पुरती दुरुस्ती जरूर करा, पण स्क्रू, पत्रे आणि सांगाडा जाणकाराकडून तपासला जाईपर्यंत जागेवरच राहू द्या. अशा प्रकरणांत माणसं वैतागून पत्रा भंगारात देतात, नवं छप्पर घालतात आणि मग तक्रार करतात. तोवर दाखवायला मोबाइलमधले चार फोटो उरतात, आणि समोरचा वकील तेवढंच विचारतो की हे फोटो याच घराचे कशावरून. उडालेले दोन पत्रे कुठे आहेत ते आजच आईला विचारा. ते तुमच्याच घरात, कोरड्या जागी ठेवा.

तुमचे व्यवहार दोन आहेत. दुकानदाराकडून तुम्ही वस्तू घेतली, फॅब्रिकेटरकडून सेवा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूतल्या ‘दोषा’साठी आणि सेवेतल्या ‘त्रुटी’साठी दाद मागता येते, आणि दोघांना एकाच तक्रारीत सामनेवाले करता येतं. तेच करा. एकट्यालाच ओढलंत तर तो गैरहजर असलेल्याच्या माथी सगळं मारेल. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचं नाव, जाडी, मुलामा असा शिक्का ओळीने छापलेला असतो. तो सापडला तर कंपनीही तिसरी सामनेवाली होऊ शकते. शिक्काच नसेल तर तो फोटोही जपून ठेवा, कारण मग दुकानदाराने नक्की काय विकलं हे त्यालाच सांगावं लागेल.

आता दोष कुणाचा ते वेगळं करू, कारण त्यावरच सगळं ठरणार आहे.

पत्रा पातळ आहे म्हणून छप्पर गळत नाही. गळतं ते भोकांतून आणि जोडांतून. पातळ पत्रा वाकतो, वाऱ्यात स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो, लवकर संपतो. तेव्हा गळती बहुतांशी फॅब्रिकेटरच्या पदरात, जाडीतला फरक दुकानदाराच्या, आणि उडालेल्या पत्र्यांत कदाचित दोघांचाही वाटा. तक्रारीत ही वाटणी स्पष्ट मांडलीत तर ग्राहक आयोगाला पटते. सगळ्यांनी मिळून फसवलं असं मोघम लिहू नका.

जाडीचा मुद्दा आधी पक्का करा. वेल्डिंगवाल्याने ०.४२ रंगासकट मोजला की रंग खरवडून? बाजारात ०.५० म्हणतात ती बहुधा लोखंड, मुलामा आणि रंग मिळून एकूण जाडी असते. रंग-मुलामा काढला तर अस्सल ०.५० चा पत्राही ०.४३-०.४४ च्या आसपास भरतो, आणि दुकानदार नेमकं हेच सांगेल. म्हणून मायक्रोमीटरने रंगासकट मोजा, कापलेल्या कडेपासून थोडं आत, तीन-चार ठिकाणी. शिवाय वजन करा. ४ फुटी (१,२२० मिमी) कॉइलपासून बनलेला ०.५० चा १२ फुटी पत्रा साधारण १६ किलो भरतो, एकूण ०.४२ असेल तर १३ किलोच्या आसपास. दुकानाच्या काट्यावर नको, वजनकाट्याची पावती मिळेल तिथे करा. मानकात थोडी घटबढ मान्य असते, त्यामुळे ०.४८ आलं म्हणून तक्रार टिकणार नाही. रंगासकट खरंच ०.४२ असेल तर टिकेल. कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित असतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

फिटिंगचे दोष मात्र घरात उभं राहून दिसतात. स्थापत्य अभियंत्याला बोलावून त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रासह अहवाल घ्या. नुसतं ‘काम निकृष्ट आहे’ हे वाक्य कुणाच्या उपयोगाचं नाही, मापं हवीत. भर दुपारी माळ्यावरून वर पाहा. पाइपच्या बाजूला हवेत लोंबणारं स्क्रूचं टोक दिसलं तर तो स्क्रू पाइपात गेलेलाच नाही. भोक पडलं, पकड शून्य. असे स्क्रू मोजा. खडूने पाइपवर क्रमांक घाला आणि कागदावर छपराचा नकाशा काढून तेच क्रमांक मांडा. वरच्या बाजूने प्रत्येक स्क्रूखालचा काळा रबरी वॉशर बघायचा. तो लोखंडी चकतीबाहेर पिळवटून आला असेल तर स्क्रू जास्त आवळलाय, असा रबर उन्हात लवकर चिरतो. चकतीखाली रबर सैल फिरत असेल तर कमी आवळलाय. तिरका गेलेला स्क्रू एका बाजूने उघडाच राहतो. हे ड्रिल मशीनचा वेग आणि जोर न सांभाळल्याचे परिणाम आहेत, म्हणजे निव्वळ हातकामातली त्रुटी.

स्क्रूचं डोकं एका वर्षात गंजलं त्याची कारणं दोन असू शकतात. समुद्राजवळ साध्या झिंक मुलाम्याचा स्क्रू टिकत नाही. किनाऱ्यावर जाड संरक्षक मुलाम्याचाच लागतो, आणि फॅब्रिकेटरला ते ठाऊक असणं अपेक्षित आहे. दुसरं कारण त्याने फासलेलं सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का, आईला विचारा. तसलं सिलिकॉन झिंकचा मुलामा खातं. पत्र्याला न्यूट्रल जातीचं लागतं. म्हणजे दुरुस्तीनेच नुकसान वाढवलं, असा स्वतंत्र मुद्दा होतो.

आडव्या पाइपांमधलं अंतर टेपसकट फोटोत घ्या. या जाडीला ४ फुटांच्या आसपास अंतर ठेवायची पद्धत आहे, आणि कंपनीच्या तक्त्यात नेमका आकडा असतो. साडेपाच फूट निघालं तर पत्रे का उडाले हे वेगळं सांगावं लागणार नाही. वळचणीला आणि आढ्याला वारा सर्वात जास्त उचलतो, तिथे स्क्रू दाट हवेत. पडवीच्या कडेला किती उंचवटे सोडून स्क्रू मारलेत ते मोजा. उताराच्या दिशेच्या जोडात एकावर एक १५० मिमी तरी पत्रा हवा, उतार कमी असेल तर जास्त. बाजूचा जोड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उघडा असेल तर पाऊस सरळ आत घुसतो. भिंतीला पत्रा भिडतो तिथे सिमेंटचा थर थेट पत्र्यावर दिलाय का तेही बघा. ॲल्युमिनियम-झिंक मुलाम्याला ओलं सिमेंट सोसत नाही, आणि कंपनीची वॉरंटी अशा ठिकाणी हात वर करते. ग्राइंडरने कापलेल्या कडांचंही तेच.

या पाहणीआधी दोघांनाही, आणि शिक्का सापडला तर कंपनीलाही, नोटीस द्या. ग्राहक तक्रारीआधी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण इथे तिचं काम वेगळं आहे: पाहणीचा दिवस आणि वेळ कळवायची, आणि तुम्ही आला नाहीत तरी पाहणी होईल, पुढे तात्पुरती दुरुस्तीही होईल, असं लिहायचं. स्पीड पोस्टने पाठवा, पोच मिळाल्याचा पुरावा ठेवा, व्हॉट्सॲपवरही टाका. दहा-पंधरा दिवस पुरेत. पाहणीत वेगवेगळ्या जागचे दहा-बारा स्क्रू दोन पंचांसमोर काढा, प्रत्येकाच्या पिशवीवर नकाशातला क्रमांक लिहा, सह्या घ्या. ओल्या पत्र्यावर कुणाला चढवू नका. पावसाची उघडीप बघून दिवस ठरवा.

मग दुरुस्ती. भोक ढिलं झालेल्या जागी ५.५ ऐवजी ६.३ मिमी जाडीचा स्क्रू, जोडांत ब्युटाइल टेप, पडवीवर ताडपत्री. बिलं सांभाळा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान आटोक्यात ठेवण्याचे कोणते मार्ग तुमच्या हाताशी होते हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. दुसरा इन्व्हर्टर त्याच गळक्या जागी ठेवलात तर त्याचे पैसे मागता येणार नाहीत.

रोख दिलेल्या ७२,००० ची काळजी वाटते ती रास्त आहे, पण रक्कम बुडीत धरू नका. त्या दिवसांत बँकेतून काढलेली रक्कम, ‘पैसे मिळाले’ असा एखादा मेसेज, देताना हजर असलेल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि १,८२,००० चं कोटेशन एकत्र ठेवा. पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, तेही लिहा. व्हॉट्सॲप संभाषण मूळ फोनमध्ये राहू द्या. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. ‘उद्या येतो, बघतो’ हे फॅब्रिकेटरचे मेसेज गळती त्याला तेव्हाच माहीत होती हे दाखवतात.

मुदतीबाबत हयगय नको. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘१० वर्षे गळणार नाही’ या लेखी हमीवरून जास्त मुदत मिळते असा युक्तिवाद होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. पहिली गळती जून २०२४ ची, म्हणून मे २०२६ संपायच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. नोटीस पाठवल्याने किंवा त्याच्या आश्वासनांनी मुदत पुढे सरकत नाही.

तुम्ही दिलेला मोबदला ३ लाख, म्हणजे प्रकरण जिल्हा आयोगाचं, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता तिथेही तक्रार करता येते, म्हणजे ठाण्यात शक्य आहे. तरी माझा सल्ला रत्नागिरीचा. छप्पर, पंच, अभियंता सगळे तिकडेच; ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते आणि व्हिडिओ सुनावणीसाठी विनंती करता येते. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. त्यानंतर आयोग मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

मागणी करताना त्याच फॅब्रिकेटरने परत काम करावं असं मागू नका. दुसऱ्या दोन जणांकडून दुरुस्तीची तपशीलवार कोटेशन घ्या आणि तो खर्च मागा. सांगाडा ठीक असेल तर मधले पाइप वाढवून फेरफिटिंग पुरेल. पत्रा खरंच ०.४२ निघाला तरच पत्र्यासह बदल मागा. सीलिंग, इन्व्हर्टर, तात्पुरती दुरुस्ती, अभियंत्याची फी, मनस्ताप, तक्रारीचा खर्च हे वेगवेगळे आकडे लिहा. आयोगाने मध्यस्थी सुचवली आणि समोरचे तयार असतील तर बसा, पण पैसे हातात येण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही नको. पोलिसांत जायचा सल्ला कुणीतरी दिलाच असेल. काम वाईट झालं म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो. तिथे महिने जातील आणि ग्राहक आयोगाची मुदत चालूच राहील.

फॅब्रिकेटर वाऱ्याचा बचाव घेणारच. २४ मे २०२५ ला न्यूनदाबाच्या क्षेत्राने रत्नागिरी आणि दापोलीदरम्यान किनारा ओलांडला, ही गोष्ट खरी आहे. पण जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर कोकणात छप्पर बांधणाऱ्याला वारा अनपेक्षित होता असं म्हणता येणार नाही. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानकही आहे, आयएस ८७५ भाग ३. आजूबाजूची पत्र्याची छपरं शाबूत राहिली असतील तर त्यांचे फोटो घ्या, आणि हवामान खात्याकडे रत्नागिरी व हर्णै इथल्या त्या दिवसांच्या वाऱ्याच्या नोंदींसाठी अर्ज करा. गावात नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल आधी वाचा. ‘वादळी वाऱ्याने पत्रे उडाले’ एवढंच त्यात असेल तर तो कागद फॅब्रिकेटरच्याच कामी येईल. उपटलेल्या स्क्रूंची आणि पाइपच्या अंतराची नोंद तुमच्या अभियंत्याच्या अहवालात त्यासाठीच हवी.

शेजाऱ्यांना उडवून लावू नका. छप्पर तुमचं, त्यामुळे गोठ्याच्या नुकसानीचा दावा आधी तुमच्यावरच येईल, आणि फॅब्रिकेटरशी तुमचा वाद काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. नुकसान दोघांनी मिळून पाहा, वाजवी रक्कम ठरवा, बँकेतून द्या आणि कशासाठी दिली ते लिहिलेली पावती घ्या. ती रक्कम तुमच्या तक्रारीतल्या नुकसानीत धरता येते. तोंडी तडजोड करून रोख दिलीत तर ती वसूल होणं अवघड.

चुलतभावाच्या आक्षेपाने तक्रार अडत नाही. मोबदला तुम्ही दिलात, ग्राहक तुम्ही. सामाईक घर राहतं ठेवण्यासाठी एका सहहिस्सेदाराने केलेलं काम सहसा चुकीचं ठरत नाही. खर्चात त्याचा वाटा मागायचा की नाही हा वेगळा विषय, आणि तक्रार चालू असताना तो काढू नये असं मला वाटतं, कारण उद्या पंच म्हणून त्याची सही लागू शकते. मात्र दुरुस्तीआधी त्याला एक साधं पत्र किंवा मेसेज पाठवून काय करणार आहात ते कळवा.

निकालानंतर पैसे दिले नाहीत तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ते अपिलात गेले तर त्यांना निकालाच्या रकमेतली निम्मी आधी राज्य आयोगात भरावी लागते, आणि अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे.