गळ्यातली माळ आणि कारखान्याचा नियम

प्रश्न : न्यू जर्सीत बिस्किटांच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. लग्नाआधीच पंढरपूरला माळ घातली. नवा सुपरवायझर म्हणतो, ‘दागिने चालत नाहीत, माळ काढ नाहीतर घरी जा. इथे इतके हिंदू आहेत, कुणाच्या गळ्यात दिसत नाही, तुझंच काय?’ माळ काढणं मला जमायचं नाही. काय करू? — एक माळकरी

उत्तर : माऊली, सुपरवायझरचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तेच सगळ्यात कच्चं आहे. बाकीचे हिंदू काय घालतात याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यातलं ‘टायटल सेव्हन’, म्हणजे नोकरीत धर्मावरून भेदभाव नको सांगणारं प्रकरण, एवढंच विचारतं, की तुमची श्रद्धा मनापासूनची आहे का. १५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला ते लागू आहे.

दागिन्यांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पदार्थात किंवा यंत्रात पडतील असे सुटे दागिने काढायला लावणारा केंद्रीय नियम खरोखरच आहे. पण नीट बांधून झाकलेली माळ पडणार कुठून? बंद गळ्याच्या शर्टाच्या आत ती पट्टीने घट्ट बसवू द्या, नाहीतर यंत्रापासून लांबचं काम द्या, असं एचआरकडे ई-मेलने मागा. ‘धार्मिक कारणासाठी’ हे शब्द त्यात हवेतच. तुम्ही सुचवलेलीच सोय मिळेल असं नाही. मालकाने दुसरी, माळ गळ्यात राहील अशी सोय दिली तर ती घ्यावी लागेल.

पूर्वी, सर्वोच्च न्यायालयाच्याच १९७७च्या हार्डिसन निकालाचा हवाला देत, जरासा खर्च वाढला तरी मालक हात वर करत. २०२३ साली रविवारच्या पाळीला नकार देणाऱ्या जेराल्ड ग्रॉफ या टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की धंद्याच्या मानाने भरीव बोजा पडत असेल तरच नकार देता येतो. सहकाऱ्यांची नाराजी त्यात धरत नाहीत. सुरक्षेचा खरा धोका धरतात, म्हणून तर त्या पट्टीवर माझा एवढा जोर.

तरीही घरी पाठवलंच, तर ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा केंद्रीय आयोग) तक्रारीला न्यू जर्सीत ३०० दिवस असतात, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८०. तुम्ही १८०च धरून चाला. तोवर राजीनाम्यावर सही करू नका, आणि सुपरवायझर तोंडी जे बोलला ते तारखेसह वहीत उतरवून ठेवा.