रोज फोनवर रडते, परत बोलावू का?

नोव्हेंबर उजाडला की समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारी आई पुण्याची होती. मुलगी एका सेमिस्टरसाठी एक्सचेंजवर जर्मनीत, गॉटिंगेनला गेलेली. "दोन महिने होत आले, रोज फोनवर रडते. तिचा स्वभावच तिथला नाही. परत बोलावू का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन प्रकरणे एकत्र केली आहेत.)

नोव्हेंबरच का, तर हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तासिका ऑक्टोबरच्या मध्यावर. तोवर स्वागताचे कार्यक्रम आणि गावभर फेरफटके चालू असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, नोव्हेंबर सरता सरता साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नवलाई संपते आणि कामे अंगावर येतात, तीही एकदमच.

मुलीशी ऑनलाइन सत्र ठरले. आधी झोप, जेवण, तासिका आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, हे चार प्रश्न सरळ विचारले. झोप उशिरा लागत होती, काही तासिका बुडाल्या होत्या, जेवण म्हणजे खोलीत बसून ब्रेड. चौथ्याचे उत्तर स्पष्ट नाही होते. म्हणजे घाई नव्हती. परत यायचे की नाही हा निर्णय जानेवारीपर्यंत बाजूला ठेवायचा, हे तिने मान्य केले. आईला ते पटायला जरा वेळ लागला.

मग कागदपत्रे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, सोबत घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. ते तिने केले होते. तरी आरोग्य विम्याचे कार्ड येईना, बँकेचे पत्रही नाही. कारण अगदी क्षुल्लक निघाले: टपालपेटीवर तिचे नाव नव्हते. तिथे पोस्टमन खोली क्रमांक विचारत बसत नाही. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. बँक खाते अडले की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातले) महिन्याचे ९९२ युरोही अडतात, कारण ते त्याच खात्यात जमा व्हायचे असतात. पैसे घरून मागवावे लागत होते आणि त्याची लाज वेगळी. पेटीवर नावाची चिठ्ठी लागली आणि या साखळीतला बराच गुंता सुटला. रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र आले तर घाबरू नये. ते महिन्याला १८.३६ युरो असते, पण घरटी एकच. घरातले कुणी भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक कळवायचा.

खरी गाठ मात्र स्वयंपाकघरात होती. सामायिक फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक चिठ्ठी लागली होती: "स्वयंपाक करताना कृपया दार बंद ठेव आणि खिडकी उघड." फक्त तिच्यासाठी, खाली स्मायली वगैरे काही नाही. तिने अर्थ लावला की आपल्या जेवणाचा वास यांना सहन होत नाही, आणि फोडणी देणेच सोडले. सत्रात तिला वहीत तीन रकाने आखायला सांगितले: काय घडले, मी काय अर्थ लावला, दुसरा कोणता अर्थ असू शकतो. तिसरा रकाना रिकामाच राहिला, तेव्हा गृहपाठ एवढाच दिला की चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला विचारून ये. उत्तर असे: मोहरी-मिरचीचा धूर बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला की तिथला धुराचा अलार्म वाजतो, तो दोनदा वाजला होता, एकदा रात्री अकराला. रात्री १० नंतर शांतता पाळायची असते. बाकी वासाबद्दल त्या मुलीची तक्रार नव्हती. तिथे खटकलेली गोष्ट सरळ लिहून लावतात, आपल्याकडे तेवढ्यावर अबोला धरतील. खोल्यांची दारे बंद असण्याचेही तेच. त्यात राग नसतो, बऱ्याचदा फक्त हीटरची ऊब टिकवायची असते.

एकटेपणाचे उत्तर वेळापत्रकात सापडले. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. आई जेवण उरकून रात्री नऊला फोन करायची, म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. बोलणे साडेसहापर्यंत लांबायचे. नेमके याच वेळात विद्यापीठातले खेळ, गायनवृंद, भाषेच्या सरावाच्या जोड्या सुरू होतात. फोन हलवला सकाळी साडेसातला, म्हणजे पुण्यात दुपारी बारा, वीस मिनिटे. आईला ते तुटक वाटले, पण त्या फोनमुळे मुलगी वेळेवर उठू लागली.

मैत्रीसाठी एकच नियम दिला: दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच माणसांत. तिथे सहज डोकावून ओळख वाढत नाही, भेट आठवडाभर आधी ठरते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात, पण लवकर भरतात. व्हॉलीबॉलला जागा नव्हती, म्हणून तिने भाषेची जोडी घेतली: अर्धा तास जर्मन, अर्धा तास इंग्रजी. पहिल्या दोन भेटी कंटाळवाण्या होणार, तिसरीपर्यंत सोडायचे नाही, हे आधीच सांगून ठेवले होते.

अभ्यासात एक खड्डा उरला होता. वर्गात बसले म्हणजे परीक्षेला नाव लागले असे नाही. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते, तिची मुदत वेगळी, आणि ती चुकली की सेमिस्टरभर बसूनही क्रेडिट हातात येत नाहीत. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेले असते. ३० क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. तिने दोन विषय कमी करून २० क्रेडिट ठेवले, पण आधी पुण्याच्या कॉलेजकडून तसे ईमेलवर मान्य करून घेतले. तोंडी "बघू" यावर जाऊ नये.

सर्वांत आधी नियोजन लागले नाताळचे. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत दुकाने बंद, मेस बंद, वसतिगृह ओस. किराणा २३ लाच भरून ठेवला आणि एका मैत्रिणीकडे जाणे डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवले. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर स्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी सेवासंस्थेच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्यावी. ते सहसा मोफत असते, इंग्रजीतही बोलता येते, आणि सांगितलेले प्राध्यापकांपर्यंत जात नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोक्यात घोळत असेल तर मात्र वेळ घेत बसू नये, ११२ लावावा.

जानेवारीच्या सत्रात परत येण्याचा विषय तिने काढला नाही. पोर्टलवर एका विषयाची नोंदणी दिसत नव्हती, त्यासाठी कुणाला ईमेल करायचा, एवढेच विचारायचे होते.