विकनेस लागल्यावर तलवार नक्की कुठे कमी पडते?

प्रश्न: नमस्कार दादा, मी घणसोलीला राहतो, सुट्टी आहे म्हणून दिवसभर माइनक्राफ्ट चालू असतं, पीसीवर, जावा एडिशन. विचने (चेटकिणीने) विकनेसची, म्हणजे फटका कमजोर करणारी, बाटली फेकली की लाकडी तलवार एकदम बाद, मेंढीला पण काही होत नाही. पण त्याच तलवारीवर शार्पनेस १ (मार वाढवणारी एन्चांटमेंट, म्हणजे जादू, लेव्हल १) असेल तर मार लागतो! मग हा डिबफ (कमजोर करणारा इफेक्ट) कापतो तरी काय? आणि ठाण्याचा माझा मावसभाऊ मोबाईलवर खेळतो, तो म्हणतो शार्पनेस ५ ने डॅमेज सहाच्या वर वाढतं, मी म्हणतो तीनच. पार भांडण झालंय.
— एक वाचक, घणसोली

उत्तर: आधी भांडण मिटवू. दोघंही बरोबर आहात. जावात शार्पनेसच्या पहिल्या लेव्हलला १ आणि पुढे दर लेव्हलला अर्धा, म्हणजे ५ ला ३. मोबाईलवर असतं बेडरॉक, म्हणजे गेमची दुसरी एडिशन, तिथे दर लेव्हलला सव्वा, म्हणजे सव्वासहा. गेम एकच वाटतो पण हिशोब वेगळे.

आता विकनेस. जावात तुझ्या फटक्याचे दोन भाग असतात, एक तुझा हात अधिक तलवार आणि दुसरा फक्त एन्चांटमेंटचा, आणि विकनेस पहिल्यातून ४ कापतो, दुसऱ्याला हातच लावत नाही. लाकडी तलवारीचं डॅमेज ४, त्यातून ४ गेले, उरला भोपळा. शार्पनेस १ चा १ मात्र शाबूत, म्हणून ८ हेल्थची मेंढी पूर्ण चार्जच्या (दर वेळी तलवार पुन्हा पूर्ण तयार होऊ देऊन मारलेल्या) आठ फटक्यांत मरते. डायमंड तलवार शार्पनेस ५ सकट १० मारते, विकनेसमध्ये ६.

क्रिटिकलचंही तेच, उडी मारून खाली येताना मारलं की दीडपट होतं ना, ते फक्त पहिल्या भागाचं, शार्पनेस नंतर मिळवतात, म्हणून डायमंडचा क्रिटिकल १५ नाही तर साडेतेरा बसतो. विकनेस असेल तर साडेसातच. स्ट्रेंथ (ताकद वाढवणाऱ्या) पोशनचे ३ पहिल्या भागात जातात त्यामुळे ते दीडपट होतात, त्यामुळे क्रिटिकल मारणाऱ्याला ते पोशन जास्त परवडतं.

हा बग नाही, पण मला विचारशील तर लॉजिक अर्धवटच आहे. अशक्तपणा हाताला आलाय म्हणून एन्चांटमेंट वाचते असं म्हणावं, तर तलवारीच्या धारेचं डॅमेज का कापलं जातं, ती काय आजारी पडली? आणि गेममध्ये हे कुठे लिहिलेलं पण नसतं, मेंढ्या मारूनच कळतं.

विचशी भिडायचं तर धनुष्य वापर, बाणाला विकनेस लागत नाही, आणि लांब राहिलास तर ती विकनेसची बाटली टाकतच नाही, ती जवळ आल्यावरच टाकते. दुधाची बादली प्यायलास तर विकनेस जातो पण आधी घेतलेली स्ट्रेंथ पण धुतली जाते, तेव्हा दूध आधी, पोशन नंतर.