अटक, एफआयआर, कोर्टातली केस: आपल्या गावातलं रेकॉर्ड कुठे आणि कसं बघायचं

सोलापूर जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करतो मी, आणि हल्ली येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी एकाच गोष्टीचे असतात, की अमुक माणसावर केस आहे का, अटक झाली होती का, हे आपल्यासारख्याला बघता येतं का. येतं, फक्त कुठल्या खिडकीवर काय मिळतं ते माहीत पाहिजे. त्यातले पाच प्रश्न आज घेतोय.

प्रश्न: काल रात्री साडेदहाला माझ्या चुलतभावाला पोलीस घरातून घेऊन गेले. सकाळी स्टेशनला गेलो तर "चौकशीला आणलंय" एवढंच सांगतात. अटक केलीय का नाही ते कुठे कळेल?

दादा, तुमचं आधी घेतो, कारण यात एकेक तास महत्त्वाचा आहे. ठाणे अंमलदाराला आवाज न चढवता सरळ विचारा, अटक दाखवलीय का, दाखवली असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) काय आणि कलमं कुठली. अटक केली असेल तर ती घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला लगेच कळवायची जबाबदारी पोलिसांची आहे, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८ तेच सांगतं. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस स्टेशनात एक अधिकारी खास या माहितीसाठी नेमलेला असतो, आणि अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप हे स्टेशनात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात दिसेल असं लावायचं असतं. स्टेशनात दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर अटक आरोपींची यादी असते पण तिच्या भरवशावर बसू नका, आजच्या आज पाहिजे तर माणूसच उभा राहायला हवा.

अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं, रविवार असो की दिवाळी. सुट्टीच्या दिवशी कुठलं रिमांड कोर्ट चालू आहे ते आताच विचारून ठेवा आणि तिथे जाऊन थांबा, पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) ते तिथेच कळतं. एफआयआरची कॉपी आरोपीतर्फे नातेवाईकाला अर्ज करून मागता येते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन लावा, फुकट वकील मिळतो. आणि अटकही दाखवत नाहीत, सोडतही नाहीत असं झालं तर हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, हा मार्ग आहे, त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

प्रश्न: मुलीसाठी स्थळ आलंय. मुलाचं नाव ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेसची सरकारी वेबसाइट) टाकलं तर दोन केस दिसल्या, एक आर.सी.सी. आणि एक एस.सी.सी. घरात सगळे घाबरलेत. नकार कळवायचा का?

ताई, अजून काहीच कळवू नका. आधी तो माणूस तोच आहे का ते बघा. ई-कोर्ट्सवर नाव, वर्ष आणि कोर्ट टाकलं की त्या नावाचे सगळेच येतात, आणि आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नाव-आडनावाचे पाच जण सहज निघतात. वडिलांचं नाव जुळतंय का, गाव कुठलं, पोलीस स्टेशन कुठलं, वय काय, हे जुळल्याशिवाय ती केस त्या मुलाची म्हणूच नका. उलटंही होतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की खरी केस सापडत नाही, म्हणून दोन-तीन स्पेलिंगनी शोधा, आणि पेंडिंग व डिस्पोज्ड दोन्ही बघा. मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर पुणे जिल्हाही वेगळा बघावा लागेल.

समजा तोच निघाला. मग केसचा प्रकार. एस.सी.सी. म्हणजे समरी क्रिमिनल केस, यात चेक बाउन्सच्या कलम १३८ च्या केसेस ढिगाने असतात, शिवाय बारीकसारीक गुन्हे असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कलम १८८ (सरकारी आदेश मोडणं) खाली किती साध्या साध्या पोरांवर गुन्हे दाखल झाले ते आठवा. आर.सी.सी. म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस, त्यात भावकीच्या बांधावरच्या भांडणापासून फसवणुकीपर्यंत काहीही असू शकतं, म्हणून केस उघडून अॅक्ट आणि सेक्शनचा रकाना वाचा. ३० जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्यांना जुन्या आयपीसीची कलमं, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना न्याय संहितेची. जुनं ४२० (फसवणूक) आता ३१८ मध्ये आहे, जुनं ४९८अ (नवऱ्याकडून किंवा सासरकडून बायकोचा छळ) आता ८५ आणि ८६ मध्ये. लग्नाच्या बाबतीत हे शेवटचं दिसलं तर मात्र थांबून नीट चौकशी करा, आधीचं लग्न होतं का हा प्रश्न तिथेच येतो.

मग केस कुठवर आलीय ते. पेंडिंग असेल तर फक्त आरोप आहे. डिस्पोज्ड असेल तर निकाल कसा लागला तो रकाना वाचा, निर्दोष सुटला, तडजोड झाली, लोकअदालतीत मिटलं की शिक्षा झाली. निकालपत्र अपलोड झालेलं असेल तर पूर्ण वाचा, दहा-बारा पानं असतात, अर्धा तास जातो, पण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे तर तो घालवाच. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, महाराष्ट्रात एमएचने सुरू होतो, तो लिहून ठेवा, पुढे एवढ्यावरच सगळं उघडतं.

आणि हे सगळं झाल्यावर मुलाच्या वडिलांना सरळ विचारा. मी अशी बरीच स्थळं पाहिलीत, ज्यांनी पहिल्या भेटीतच "हो, चुलत्याबरोबर जमिनीवरून केस आहे" असं सांगितलं त्यांचं पुढे चांगलं झालं. लपवणं मला केसपेक्षा मोठं वाटतं.

प्रश्न: शेजाऱ्याने शिवीगाळ केली म्हणून तक्रार दिली, पोलिसांनी कागदही दिला. पण पोर्टलवर एफआयआर शोधला तर सापडत नाही. दाबलं का प्रकरण?

कागद काढून बघा, वर बहुतेक एन.सी. लिहिलेलं असेल. म्हणजे अदखलपात्र, त्याचा एफआयआर होत नाही, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत, त्यामुळे पोर्टलवर येण्याचा प्रश्न नाही. चॅप्टर केसचंही तसंच, ती भांडण वाढू नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई असते.

खरा एफआयआर असेल तर तो २४ तासांत, अडचणीच्या ठिकाणी जास्तीत जास्त ७२ तासांत वेबसाइटवर टाकायचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलंय. लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे मात्र टाकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पीडितेची ओळख उघड करणं हाच मुळात गुन्हा आहे, तेव्हा तसलं काही शोधायलाही जाऊ नका. फिर्यादीला एफआयआरची कॉपी फुकट मिळते, पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: गावातल्या एका जुन्या केसचं निकालपत्र पाहिजे. मी त्या केसमध्ये कुणी नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करू का?

नको, महिना जाईल आणि नकार येईल. कोर्टाच्या फायलीतले कागद कोर्टाच्या नियमाने नकलेचा अर्ज करूनच घ्यायचे, माहिती अधिकारात नाही, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. नक्कल विभागात जा, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या, तुम्ही तिऱ्हाईत आहात तर कशासाठी पाहिजे याचं कारण नीट लिहा, कोर्टाची परवानगी लागते. केस नंबर नसेल तर ई-सेवा केंद्रात काढून देतात. फार जुनी फाईल असेल तर आधी रेकॉर्ड रूममध्ये विचारा, ठरावीक वर्षांनी काही कागद नष्ट करतात. चार्जशीट मात्र अशी सगळ्यांसाठी खुली नसते, ती वेबसाइटवर टाका ही मागणी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली.

प्रश्न: २०१६ च्या मारामारीच्या केसमधून मी निर्दोष सुटलो. तरी नाव टाकलं की केस दिसते, कंपनीवाले विचारतात. नाव काढता येतं का?

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण सरळ उत्तर माझ्याकडे नाही. नाव काढून टाकायचा देशभर एकसारखा कायदा अजून नाही. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये एका निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल सर्चमधून काढायला सांगितला होता, पण प्रत्येक ठिकाणी तसंच होतं असं नाही, हायकोर्टात अर्ज करावा लागतो, आणि खर्च आहे. माझं मत विचाराल तर ज्याला कोर्टाने सोडलं त्याला नावाने शोधून नोकरी नाकारणं चूक आहे, हे थांबायला पाहिजे.

तोवर एवढं करा. निकालपत्राच्या दोन सर्टिफाइड कॉप्या काढा. त्यात शेवटचं आदेशाचं पान असतं, आरोपीला निर्दोष मुक्त करण्यात येत आहे, ते वर दिसेल असं लावा. कंपनीच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारलं असेल तर लपवू नका, केस नंबर, निकालाची तारीख आणि निकाल तुम्हीच लिहा आणि सोबत कॉपी जोडा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज कराल तेव्हाही तीच कॉपी जोडा, कारण पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डला निकालाची नोंद झालेलीच असेल असं नाही. झाली नसेल तर पैरवी अधिकाऱ्याला (पोलिसांतर्फे कोर्टातलं काम बघणारा) भेटून कॉपी द्या आणि पोच घ्या.