तांबी म्हणजे काय? सासरी हा शब्द वापरला तर चालतो का?

तांबी म्हणजे लहान तांब्या, हा घरातला अर्थ. तुम्ही विचारताय ती मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायची, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, तांब्याची तार गुंडाळलेली. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. एक प्रकार 5 वर्षं चालतो, दुसरा 10. पण 'सासरी वापरला तर चालतो का' असं विचारलंत, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. थोरली तीन वर्षांची होती आणि मी तांबी बसवलीय हे फक्त नवऱ्याला माहीत. एका सकाळी उपकेंद्रातल्या सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "ताई, तांबी कवा बसवली, तारीख सांगा!" सासूबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. "कामून गं बाई, तहान लागली का?" म्हणून आत गेल्या आणि तांबीभर पाणी घेऊन आल्या. सिस्टर घटाघटा प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ही नव्हं मावशी, आतली."

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी शेजारणीने ऐकवलं, तांबी वर सरकून काळजाला लागते. काळजापर्यंत वाटच नाही हो! पण माझी कंबर दुखली तरी तांबी, दूध नासलं तरी तांबी.

माझं मत विचाराल तर लाज शब्दाची नसतेच. 'हिचं ऑपरेशन झालं का?' हे आमच्याकडे भर बाजारात विचारतात, आणि ते अपेंडिक्सचं नव्हे हे सगळ्यांना कळतं. 'फॅमिली प्लॅनिंग केलं' म्हणजेही बाईचंच ऑपरेशन. नसबंदी म्हटलं की मात्र पुरुष आठवतो, 1976 ची आणीबाणीतली सक्ती आठवते, आणि आवाज खाली येतो. 'पाळणा लांबवा' मी भिंतीवर वाचलंय, कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. 'गर्भनिरोधक' पुस्तकात. संततिनियमन तर र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत केंद्र काढलं तेव्हापासूनचं, पण आमच्या ओसरीपर्यंत काही आलं नाही. निरोध हे 1968 पासून सरकारी कंडोमचं नाव. त्यामुळे पतंजलींचं 'चित्तवृत्तिनिरोधः' शिकवताना आमच्या सरांना वर्ग आवरायचा नाही.

दुसरी मुलगी झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, आता तुम्ही बिनटाक्याची नसबंदी करून घ्या, त्याच दिवशी घरी येता येतं. सासूबाई म्हणाल्या, "मग पोती कोण उचलल?" नवरा पतसंस्थेत कारकून. लेजरपेक्षा जड काही उचललेलं मी पाहिलं नाही. तो आढ्याकडे बघत बसला आणि ऑपरेशनच्या टेबलावर मी गेले. म्हणून सांगते, शब्द कोणताही वापरा, पण यजमानांना समोर बसवून वापरा. पोत्यांचा हिशोब आधीच विचारून घ्या.

हो, एक राहिलं. तांबीने सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, पोटात दुखतं; फार झालं तर डॉक्टरांना दाखवा. लैंगिक आजारांपासून ती वाचवत नाही, तिथे निरोधच. आणि पुरुषाच्या नसबंदीनंतरही तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, मग तपासणी.

सासूबाई आता पाहुण्यांना पाणी देताना तांबी म्हणत नाहीत. गडू म्हणतात.