नवरा मला "ताई" म्हणाला!

ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ५२. हे ५७ चे, सरकारी नोकरी, पुढच्या वर्षी रिटायर होतील. लग्नाला २८ वर्षं झाली आणि या २८ वर्षांत यांच्या तोंडून सलग दहा वाक्यं ऐकली असतील तर शपथ. चहा, पेपर, ऑफिस, जेवण, बातम्या, झोप. भाजी चांगली झाली तर दुसऱ्यांदा वाढून घेतात, तेवढंच आपलं सर्टिफिकेट. माणूसच घुम्या आहे म्हणून मी केव्हाच सोडून दिलं होतं. दिवाळीला लेक पुण्याहून आली आणि म्हणाली, आई, बाबा फेसबुकवर काय भारी लिहितात गं, माझ्या ऑफिसातल्या मुली पण वाचतात. मी म्हटलं कुणाचे बाबा? तिने मोबाईल पुढे केला. दोन वर्षांपासून लिहितायत! गावची विहीर, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी, एसटीतले किस्से, आणि मी. माझ्यावरच बारा-पंधरा पोस्टी. २०१९ च्या पुरात आम्ही घर सोडलं त्यावर लिहिलंय, "तिने आधी आईच्या गोळ्या घेतल्या, मग गॅस बंद केला, आणि कुलूप लावताना माझ्याकडे बघून म्हणाली, चला, ट्रिपला जाऊ. त्या एका वाक्यावर मी पुढचे आठ दिवस काढले." सातशे लाइक. मला मात्र त्या आठ दिवसांत एकच वाक्य बोलले होते, चार्जर घेतलास का?

मग मी वेडेपणा केला. "सायली" नावाचं खातं उघडलं, जास्वंदीचा फोटो लावला, यांना रिक्वेस्ट पाठवली. त्या पुराच्या पोस्टखाली लिहिलं, तुमच्या मिसेसना हे माहीत आहे का? तर यांचं हे भलंमोठं उत्तर, "ताई, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. तिच्यासमोर गेलो की शब्द घशातच अडकतात." आता चार महिने झाले, इनबॉक्समध्ये आठवड्यातून दोनदा तरी बोलणं होतं. ते हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, मध्ये फक्त पडदा. आणि परवा माझ्या पिशवीच्या ऑपरेशनवर पण लिहिलं, मी दवाखान्यात रडले ते सुद्धा, खाली परक्या बायका मला "काळजी घ्या" म्हणतायत. ताई, यातला खरा कोणता? रागवू की खूश होऊ? आणि सायलीचं काय करू?

– एक गोंधळलेली, सांगली

---

अगं बाई, आधी मला पोटभर हसून घेऊ दे. २८ वर्षांच्या संसारानंतर नवरा बायकोला "ताई" म्हणतोय आणि बायको पडद्याआड पोळ्या लाटत ते वाचतेय. हसले म्हणून रागावू नकोस, तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना डोळे पण पुसलेत. आणि एक सांगते, या चार महिन्यांत त्या माणसाने सायलीला एकदाही "ताई" सोडून दुसरं काही म्हटलेलं दिसत नाही, बोलतो ते पण बायकोबद्दलच, तेव्हा मनात कुठे ती दुसरी शंका असेल तर ती आधी काढून टाक.

आता तुझा पहिला प्रश्न, खरा कोणता. हा प्रश्न मला महिन्याला चार पत्रांत तरी येतो, कुणाची मैत्रीण इन्स्टावर खिदळते आणि घरी दिवसभर अंथरुणात पडून असते, कुणाचा गोगलगायीसारखा मुलगा कमेंटमध्ये लोकांच्या आया-बहिणी काढतो. सगळ्यांना वाटतं की एक चेहरा आहे आणि एक मुखवटा आहे, फक्त कोणता कुठला ते ताईने सांगावं. मला नाही तसं वाटत. माझे वडील रेल्वेत होते, मनमाडला ड्युटी, आम्ही बाकी सगळे नाशिकला. शनिवारी यायचे ते न बोलता यायचे आणि सोमवारी न बोलता जायचे. आई विचारायची प्रवास बरा झाला का, ते म्हणायचे हं. पण बुधवार-गुरुवारकडे निळं इनलँड यायचं. आई गेल्यावर बिस्किटाच्या डब्यात तो गठ्ठा सापडला. पहिली ओळ ठरलेली, अनेक आशीर्वाद, आणि मग त्या इवल्याशा कागदाच्या घडीवर पण, जिथे डिंक लावायचा तिथपर्यंत, बारीक अक्षरात माणूस नुसता वाहत सुटलेला. तुझा खोकला रात्रीचा वाढतो हे मी शनिवारी ऐकलं, तेव्हा बोललो नाही, पण अडुळसा घे. शनिवारी ऐकलं आणि बुधवारी पोचवलं! चार दिवस आणि एक पोस्टमन मध्ये लागला त्यांना.

तेव्हा मनमाडचे वडील खरे की नाशिकचे, असं आईने कधी विचारलं नाही. तिला माहीत होतं की या माणसाची जीभ बोटात आहे. तुझा नवरा त्याच जातीचा दिसतो, असे पुरुष आपल्याकडे पोत्याने आहेत. फरक एवढाच की वडिलांच्या पत्रावर पत्ता एकच असायचा. तुझ्या नवऱ्याची पत्रं सातशे जणांकडे जातात, आणि ज्या घरी जायला पाहिजेत तिथेच पोचत नाहीत. तुला जे टोचतंय ना, ते माझ्या मते हे आहे. तो दोन तोंडाचा आहे म्हणून नाही, तुझं टपाल दोन वर्षं गावभर वाटलं गेलं आणि तुला शेवटी कळलं, तेही लेकीकडून, म्हणून.

याला शास्त्रात पण नाव आहे हो. जॉन सुलर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने २००४ मध्ये यावर एक लेख लिहिला होता, की स्क्रीनसमोर माणसाचा बांध का फुटतो. सहा कारणं दिलीत त्याने, त्यातली दोन तुझ्या हॉलमध्येच बसलेली आहेत. एक, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणजे बोलता बोलता तुझी भुवई वर गेली, तू घड्याळाकडे पाहिलंस, कुकरची शिट्टी मोजलीस, हे काही दिसत नाही आणि माणूस मध्येच गप्प होत नाही. दुसरं, उत्तर लगेच द्यायचं नसतं, लिहा, खोडा, उद्या परत लिहा. तो म्हणतो की यातून चांगलंही बाहेर येतं आणि घाणही, एरवी न बोलणारा मन मोकळं करतो आणि एरवी सभ्य असणारा शिव्या घालतो, झरा एकच. आणि मला सगळ्यात पटलं ते हे, की स्क्रीनवरचा तोच आतला खरा माणूस असं सुलर म्हणत नाही. तो म्हणतो माणसात अनेक बाजू असतात, जागा बदलली की दुसरी बाजू पुढे येते, एवढंच.

आणि आपल्याला हे अमेरिकेने सांगायला कशाला पाहिजे. आपले राम गणेश गडकरी बघ ना. नाटकं स्वतःच्या नावावर, प्रेमाच्या कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने. माणूस १९१९ साली गेला, उणंपुरं ३३ वर्षांचं आयुष्य, आणि त्यात तीन नावं. आजच्या भाषेत तीन आयडी! शंभर वर्षांत कुणी म्हटलं नाही की बाळकराम खरा आणि गोविंदाग्रज फेक. (गडकरी घरी कसे बोलायचे ते विचारू नकोस, मी आपली लेखनावरून बोलतेय.)

बरं, आता तू. तू स्वतःला या गोष्टीत नुसती प्रेक्षक समजतेस, पण जरा बघ काय झालंय ते. तुमच्या मिसेसना हे माहीत आहे का, हा प्रश्न २८ वर्षांत तू कधी विचारला होतास? म्हणजे तुम्ही माझ्याशी का बोलत नाही, असं सरळ? पत्रावरून तरी वाटत नाही. "सोडून दिलं होतं" असं तूच लिहिलंयस. तो प्रश्न विचारायला तुलाही जास्वंद लागली. मग त्याचा फेसबुकवरचा चेहरा खोटा असेल तर सायलीही खोटी म्हणावी लागेल, आणि मला तर सायली आवडलीय, धीट आहे, नेमकं विचारते. पुराच्या दिवशी कुलूप लावताना ट्रिपला जाऊ म्हणाली ती सायलीच असणार. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं गं तेव्हा, धोक्याची पातळी ४५ ची, मी इथे टीव्हीसमोर बसून घाबरले होते आणि तू दारात उभी राहून जोक मारतेस!

आता रागवायचं कुठे ते सांगते, कारण रागवायला जागा आहे आणि ती सोडू नकोस. ऑपरेशनची पोस्ट. तिथे तो चुकला, साफ चुकला, कितीही प्रेमाने लिहिलेलं असो. तुझं शरीर, तुझं दवाखान्यातलं रडणं, हा त्याचा ऐवज नाही सातशे जणांत वाटायला. लिहिणाऱ्या माणसांना ही खोड असते, घरातलं सगळं त्यांना कच्चा माल वाटतो, मलाही आहे, माझ्या बहिणीने यावरून माझ्याशी आठ महिने बोलणं टाकलं होतं. ती पोस्ट त्याला काढायला सांग. आणि नियम घाल, माझ्याबद्दल जे काही लिहाल ते आधी मला वाचायला द्यायचं, मी हो म्हटलं तर पुढे. यात तुझा दुहेरी फायदा आहे बघ, तुझी इभ्रत राहते आणि शिवाय पहिली वाचक तू होतेस.

पण त्याआधी सायलीचा विषय संपवावा लागेल. ती मजेमजेत आली, कळतंय मला, पण चार महिने म्हणजे मजा संपलेली आहे. त्याने तिच्याशी विश्वासाने बोललेलं तू पडद्याआडून ऐकतेयस, आणि हे त्याला दुसरीकडून कळलं, समज लेकीने ओळखलं, नाहीतर तुझ्या फोनवर कधी नोटिफिकेशन चमकलं, तर तो माणूस लिहायचाही बंद होईल आणि बोलायचा तर आधीच बंद आहे. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. शिवाय खोट्या नावाचं खातं फेसबुकच्या नियमातही बसत नाही, ते एक वेगळंच. सायली म्हणून आता एकही मेसेज टाकू नकोस. तिच्याकडून आणखी एकच काहीतरी काढून घेऊ, मग सांगू, असं मनात येईल, येतंच, तेव्हा फोन डब्यात ठेव आणि भाजी निवड.

सांगायचं कसं? समोरासमोर बसून "मला तुमच्याशी बोलायचंय" असं चुकूनही करू नकोस. या वाक्याने महाराष्ट्रातल्या निम्म्या नवऱ्यांना घाम फुटतो आणि तुझा तर घुम्या. लेकीसमोर पण नको, त्याची फजिती होईल. त्याला येतं त्याच भाषेत सांग, लिहून. व्हॉट्सॲपवर, तुझ्या नावाने, तुझ्या नंबरवरून. लांबलचक नको, मनधरणी नको, कोर्टाची नोटीस पण नको. साधारण असं काहीतरी, की तुमची पुराची पोस्ट मी वाचली, मला ते माहीत नव्हतं, वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. सायली मीच. मला ताई म्हणालात त्याचा हिशोब नंतर करू. ऑपरेशनची पोस्ट मात्र आज काढा. एवढंच. आणि पाठवून झालं की लगेच हॉलमध्ये डोकावू नकोस गं, त्याला वेळ दे, त्याच्या सगळ्या बोलण्याला एक पोस्टमन लागतो हे आता आपल्याला माहीत आहे. तो चिडेल कदाचित, लाजेल तर नक्कीच, दोन दिवस बातम्यांचा आवाज वाढेल. वाढू दे.

नंतर पण लगेच गप्पांचा पूर येईल अशी आशा धरू नकोस. हॉलमधून स्वयंपाकघरात मेसेज आला तरी चालेल, हसण्यासारखं काही नाही त्यात. आणि बोलायचंच झालं तर गाडीवर बोल. खरंच, अनुभवाचं सांगते. आमच्याकडे जे काही महत्त्वाचं बोलणं झालंय, मुलाच्या लग्नापासून घराच्या हप्त्यापर्यंत, ते सगळं स्कूटरवर, मी मागे, हे पुढे, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही, वाऱ्याने निम्मं ऐकू येत नाही आणि सिग्नल लागला की दोघं गप्प. तुमच्याकडे तर कृष्णेचा घाट आहे, संध्याकाळी जाऊन शेजारी शेजारी बसा, दोघांनी नदीकडे बघा. एकमेकांकडे बघायची सक्ती नाही.

हे सगळं मी तुझ्या पत्रात जे आहे त्यावरून सांगितलं. बाहेर "माझी लक्ष्मी" लिहायचं आणि घरात हात उगारायचा, पैसे अडवायचे, अशी पण पत्रं येतात माझ्याकडे, त्यांना मी हे उत्तर देत नाही, तिथे ते लिहिणं म्हणजे नुसता चुना फासणं असतं. तुझा माणूस आवडलेली भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि पुराच्या वेळचं तुझं वाक्य शब्दन् शब्द लक्षात ठेवतो. तसला तो नाही.

सायलीचं खातं बंद करायच्या आधी ते भलंमोठं उत्तर मात्र कॉपी करून ठेव, त्याचे स्क्रीनशॉट काढ, लेकीला विचारून प्रिंट काढलीस तरी हरकत नाही. बिस्किटाचा डबा असेलच घरी. आणि तो आधी हसतो की आधी चिडतो ते मला नक्की कळव, आमच्या ह्यांच्याशी पैज लागलीय माझी, मी हसण्यावर लावलेत.

– तुझी ताई (खरी)