मासे मोजायला कॉलेज कशाला?

प्रश्न : मी मुरुड तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात राहते. बारावी सायन्सला आहे. गणित झेपत नाही म्हणून सोडलं, बायोलॉजी ठेवलं. बाबांची होडी आहे, ते डोलीवर (समुद्रात रोवून लावायच्या डोल जाळ्यावर) जातात. अमेरिकेत समुद्राच्या तळाशी पिंजरे सोडून मासे मोजतात, असा एक व्हिडिओ पाहिला आणि मला हेच काम करावंसं वाटू लागलं. बाबा म्हणतात, "मासे मोजायला कॉलेज कशाला? मी रोजच मोजतो." असं काम आपल्याकडे मिळतं का? बी.एफ.एससी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) करू की झूलॉजी? आणि मला बोट लागते, त्याचं काय?

उत्तर : तुझ्या बाबांचा प्रश्न बिनतोड आहे, म्हणून आधी त्यालाच हात घालते.

बाबा मासळी जिथे लागेल असं वाटतं तिथे डोल लावतात. उधाण बघतात, पाण्याचा रंग बघतात, गेल्या वर्षी याच तिथीला कुठे बोंबील लागला होता ते आठवतात. त्यामुळे त्यांच्या टोपलीत काय आलं यावरून बाबा किती तरबेज आहेत ते कळतं. समुद्रात एकूण मासळी किती उरली, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. मासे निम्म्यावर आले तरी चांगला तांडेल थोडं आणखी लांब जाऊन, थोडं जास्त डिझेल जाळून तेवढाच माल आणतो. बंदरावरचा आकडा तसाच राहतो आणि सगळ्यांना वाटतं, आलबेल आहे.

तू पाहिलेला व्हिडिओ बहुतेक अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या पाहणीचा असावा. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत ही पाहणी चालते. तिची सुरुवात साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनहून १९७०च्या दशकात झाली आणि १९९०पासून तिथे एकाच घडणीचा पिंजरा वापरतात. प्लास्टिकचा लेप दिलेल्या तारेच्या जाळीचा, वरून बाणाच्या टोकासारखा दिसणारा, १.७ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. आमिष म्हणून आपल्या तारलीच्या कुळातले मेनहेडन नावाचे तेलकट मासे, मोजून २४. काही दोरीत ओवून टांगलेले, काही नुसतेच आत टाकलेले. एका वेळी सहा पिंजरे सोडतात, दोन पिंजऱ्यांत किमान २०० मीटर अंतर. खोली साधारण १५ ते १०० मीटर, म्हणजे बाबांच्या हिशेबात आठ ते पंचावन्न वाव. दीड तासाने उचलायचे. दिवसाउजेडीच.

आता यातली मेख बघ. पिंजरा कुठे सोडायचा हे कप्तान ठरवत नाही. खडकाळ तळाच्या माहीत असलेल्या जागांची मोठी यादी आहे, त्यातून चिठ्ठ्या काढाव्यात तशा जागा निवडल्या जातात. "तिकडे मासळी नाही, कशाला जायचं?" असं म्हणायची सोयच नाही. रिकामा पिंजरा वर आला तरी तो वाया गेला असं कोणी म्हणत नाही, वहीत शून्य लिहितात, आणि त्या शून्याला भरलेल्या पिंजऱ्याइतकीच किंमत असते. आमिष वाढवायचं नाही, वेळ लांबवायचा नाही, पिंजऱ्यात काही सुधारणा सुचली तरी मनातच ठेवायची. १९९०चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून बघता येतो तो एवढ्याचसाठी. बाबांना हे सांगून बघ. त्यांना हसू येईल, कारण मच्छीमाराच्या सगळ्या शहाणपणाच्या हे बरोबर उलट आहे.

याचा उपयोग काय, ते २०१० साली दिसलं. त्या भागात रेड स्नॅपर या ताम्ब्यासारख्या लाल, महागड्या माशाची मासेमारी त्या वर्षी बंद केली. मासेमारी बंद म्हणजे बंदरावर तो मासा उतरणं बंद, आणि मासा उतरत नाही म्हणजे त्याची माहितीही बंद. बंदीचा फायदा होतोय की नाही, हे सांगायला पिंजऱ्यांशिवाय फारसं काही उरलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य खात्याने आणखी बोटी आणि माणसं देऊन ही पाहणी वाढवली आणि पाठोपाठ पिंजऱ्यांवर कॅमेरे चढले. पुढच्या वर्षांत या नोंदींत रेड स्नॅपर वाढताना दिसला. तो किती पकडू द्यायचा यावर तिथे मच्छीमार आणि सरकारचं भांडण अजूनही चालूच आहे, पण निदान भांडायला दोघांपुढे आकडे आहेत.

कॅमेरे का लागले हे समजून घे, कारण तुझं खरं शिक्षण इथे सुरू होतं. पिंजरा सगळ्या माशांना सारखा न्याय देत नाही. बारके जाळीतून निसटतात, मोठे हेकरू (ग्रूपर मासे) दारातून आत येत नाहीत. आत आलेले पुष्कळसे बाहेरही जातात. थोड्या वेळाने येणारे-जाणारे सारखे होतात आणि मग पिंजरा कितीही वेळ ठेवला तरी आकडा हलत नाही. तळाचं पाणी थंड झालं तर मासे सुस्तावतात, आमिषाकडे फिरकत नाहीत. मासे तिथेच असतात, पिंजरा मात्र रिकामा. म्हणून पिंजऱ्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण नंतर कोणीतरी खुर्चीत बसून बघतं: वीस मिनिटांचा तुकडा, दर ३० सेकंदांनी थांबवायचा, त्या क्षणी दिसतील तेवढे मासे मोजायचे. एका पिंजऱ्यामागे अशी ४१ चित्रं. एका मोसमात असे शेकड्यांनी पिंजरे. हे काम व्हिडिओत कोणी दाखवत नाही आणि करिअरचा मोठा भाग हाच असतो.

दुसरा भाग सुरीचा. पकडलेल्या माशांपैकी काहींच्या डोक्यातले खडे काढतात. ढोम्याच्या किंवा घोळीच्या डोक्यात पांढरा टणक खडा असतो, तो तू मासा साफ करताना पाहिला असशीलच. त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वलयं दिसतात, त्यावरून माशाचं वय काढतात. मासे किती आहेत एवढं कळून भागत नाही. सगळेच दोन वर्षांचे निघाले तर विणीला मोठे मासे उरलेच नाहीत, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडचं. पिंजरे सोडून मासे मोजण्याची स्वतंत्र नोकरी महाराष्ट्रात शोधू नकोस. आपला किनारा बराचसा गाळाचा, पाणी गढूळ, भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त. तारेचा पिंजरा आणि कॅमेरा इथे फार कामाचे नाहीत. तळावरून ओढायचं ट्रॉल जाळं जिथे फाटतं अशा खडकाळ आणि प्रवाळाच्या तळावर पिंजरा शोभतो. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली अँग्रिया बँक आहे, तिथे किंवा मालवणच्या खडकांत हे तंत्र चालण्यासारखं आहे, असं माझं मत. पण पोट भरायचं असेल तर विषय थोडा रुंद धर: मत्स्यसाठ्याचं मूल्यांकन. समुद्रात मासे किती, कोणत्या वयाचे, आणि किती काढले तर पुरतील. साधन पिंजरा असो, ट्रॉल असो की बंदरावर उतरलेली मासळीची पाटी, डोकं एकच लागतं.

या कामाच्या संस्था आपल्या दाराशी आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (स्थापना १९४७, मुख्यालय कोची, मुंबईत प्रादेशिक केंद्र) बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन अंदाज काढते. भारतीय मत्स्य सर्वेक्षण या खात्याचं मुख्यालय मुंबईतच आहे आणि त्यांची स्वतःची जहाजं आहेत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था एम.एफ.एससी. आणि पीएच.डी.साठी.

त्यामुळे माझा कौल बी.एफ.एससी.ला. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांचा अभ्यासक्रम. झूलॉजी वाईट नाही, पण वर्सोव्याच्या पदव्युत्तर प्रवेशांचा आणि मत्स्यव्यवसाय विभागातल्या बऱ्याच पदांचा रस्ता बी.एफ.एससी.वरून सरळ जातो, झूलॉजीवरून वळणं घेत. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीचे वाचून घे, मागच्या वर्षीच्या ताईच्या सांगण्यावर जाऊ नकोस. पैशांचंही उघड सांगते. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पावरची, कंत्राटी; प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं. कायम नोकरी यायला तिशी उजाडू शकते. घरी हे आत्ताच बोलून ठेव.

गणिताचं मात्र टाळता येणार नाही. तू गणित सोडलंस म्हणून प्रवेश अडणार नाही, पण संख्याशास्त्राशिवाय या क्षेत्रात तू आयुष्यभर दुसऱ्याचे पिंजरे उचलशील. थंड पाण्यामुळे आकडा घटला की मासेच घटले, हे वेगळं काढणं म्हणजेच संख्याशास्त्र. बारावीची परीक्षा झाली की 'आर' ही संगणकभाषा शिकायला घे, फुकट मिळते. त्यातही नाहीच जमलं, तर खड्यांवरून वय काढण्याच्या आणि प्रजाती ओळखण्याच्या कामात प्राविण्य मिळव. तिथे नजर लागते आणि ती तुझ्याकडे घरचीच आहे.

बोट लागणं बहुतेकांचं दोन-चार फेऱ्यांत कमी होतं. ज्यांचं होत नाही ते प्रयोगशाळेत बसतात, आणि वर सांगितलंच, निम्म्याहून जास्त काम जमिनीवरच असतं. त्याहून अवघड गोष्ट तू विचारली नाहीस: लहान बोटींवर मुलींसाठी स्वच्छतागृह नसतं, आणि "पोरीला कशाला बोटीवर?" असं म्हणणारे खलाशीही भेटतील. पहिल्या मुलाखतीतच जहाजावरच्या सोयीबद्दल विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि वही आजच सुरू कर. बाबांची डोल एकदा लावली की त्याच जागी गाडलेली असते, तोंड प्रवाहाकडे, जाळं तेच, आस (जाळ्याच्या डोळ्याचं माप) तीच. म्हणजे तुझ्या त्या पिंजऱ्याची ती जवळची नातेवाईकच. तिथी, डोल लावलेली जागा, उचलायची वेळ, आणि बोंबील, करंदी, जवळा, मांदेली प्रत्येकी किती पाट्या, एवढं रोज लिही. काहीच लागलं नाही त्या दिवशीही लिही. बाबांनी जागा बदलली तर तेही. मासळी उतरते त्या बंदरावर कोचीच्या संस्थेची माणसं नमुने घ्यायला आली, तर वही घेऊन त्यांच्याजवळ जा आणि एवढंच विचार : इतक्या होड्यांतून आज तुम्ही हीच का निवडली?